रेट्रो अक्षरांची जोडी कशी जमते

जुन्या काळाचा भास देणाऱ्या बहुतेक बोधचिन्हांत, पोस्टरांत आणि वेष्टनांत दोन प्रकारची अक्षरे मिळून काम करतात. एक अक्षर ठळक, भरदार आणि सुटे उभे राहणारे असते. त्याला डिस्प्ले म्हणतात. ते मोठ्या आकारात आणि थोड्या शब्दांसाठीच घडवलेले असते, त्यामुळे परिच्छेदभर मजकुराला ते चालत नाही. दुसरे अक्षर हाताने लिहिल्यासारखे, एकातून दुसऱ्यात वाहत जाणारे असते, ते स्क्रिप्ट. डिस्प्ले नाव सांगते आणि स्क्रिप्ट त्या नावाला सूर देते.

आज दोन्ही प्रकारचे हजारो फॉन्ट सहज मिळतात, तरीही अनेक रेट्रो संरचना खोट्या वाटतात. वेगवेगळ्या काळांतली आणि वेगवेगळ्या हत्यारांनी घडलेली अक्षरे केवळ 'जुनी दिसतात' म्हणून शेजारी बसवली, की असे होते. म्हणून जोडी निवडताना पहिला प्रश्न असा विचारावा: ही दोन्ही अक्षरे एकाच दशकात, एकाच दुकानातून बाहेर पडली असती का? उत्तर होकारार्थी असेल, तर आकार, रंग आणि मांडणीचे पुढचे निर्णय सोपे होतात.

जोडीचा उगम

ही जोडी कामाच्या वाटणीतून जन्मली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जाहिराती पुस्तकाच्या पानावरून रस्त्यावरच्या भिंतींवर आल्या आणि लांबून दिसणाऱ्या अक्षरांची गरज निर्माण झाली. लंडनच्या ओतशाळांनी अतिजाड 'फॅट फेस', जाड पट्टीसारख्या टोकांची स्लॅब अक्षरे आणि टोकेच नसलेली सॅन्स सेरिफ अक्षरे याच काळात बाजारात आणली. छपाईचे शिशाचे मोठे खिळे जड पडत आणि महागही. १८२७ मध्ये न्यूयॉर्कच्या डेरियस वेल्स यांनी यंत्राने कोरलेले लाकडी खिळे बनवायला सुरुवात केली आणि हातभर उंचीची अक्षरे छापणे परवडू लागले. पोस्टरात 'द', 'अँड', 'फॉर' असे छोटे शब्द वारंवार लागत. त्यांच्यासाठी छापखाने नक्षीदार, तिरक्या वळणाचे तयार शब्दठोकळे ठेवत. मोठ्या शब्दांच्या दोन ओळींमध्ये असा नक्षीदार शब्द बसवण्याची सवय तिथून लागली.

स्क्रिप्टची वाट वेगळी होती. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात प्लॅट रॉजर्स स्पेन्सर यांची लेखनपद्धती शाळांत आणि कचेऱ्यांत शिकवली जाई. टोकदार निबेवरचा दाब कमीजास्त करून बारीक आणि जाड रेघा काढणारे हे व्यापारी हस्ताक्षर होते. १८८६ मध्ये फ्रँक मेसन रॉबिन्सन यांनी कोका-कोलाचे नाव याच वळणात लिहिले. रॉबिन्सन कंपनीत हिशेब पाहत. स्क्रिप्टमधले नाव मालकाच्या सहीसारखे वाटे, आणि सही म्हणजे हमी, हा संकेत जाहिरातीत पक्का झाला.

विसाव्या शतकात काच आणि धातू यांनीही स्क्रिप्टला हात दिला. १९१० मध्ये जॉर्ज क्लोद यांनी पॅरिसमध्ये निऑनचे दिवे दाखवले आणि पुढच्या दोन दशकांत ते दुकानांवर पसरले. काचेची नळी तापवून वाकवायची असते. सलग जोडलेले अक्षर एका लांब नळीत बसते. सुट्या अक्षरांना जास्त जोड लागतात किंवा मधला भाग काळा रंगवून झाकावा लागतो. मोटारींवरच्या चकाकत्या धातूच्या नावांचेही असेच होते. जोडलेल्या अक्षरांतले नाव एका तुकड्यात ओतता येई आणि दोन-तीन खिळ्यांवर बसवता येई. म्हणून १९५० च्या दशकातली अमेरिकी उपाहारगृहे, मोटारी आणि शीतकपाटे स्क्रिप्टने भरलेली दिसतात. शेजारी दुकानाचा प्रकार सांगणारे ठळक सुटे अक्षर असे. जोडीतला फरक असा साहित्यातून आणि कामातून आलेला होता, आणि म्हणूनच तो डोळ्याला खरा वाटतो.

आधी दशक, मग फॉन्ट

रेट्रो हे एका काळाचे नाव नाही. किमान चार काळ एकमेकांत मिसळले जातात आणि प्रत्येकाचा स्वभाव निराळा आहे.

पहिला काळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा, लाकडी खिळ्यांचा आणि दगडी छपाईचा. इथले डिस्प्ले अक्षर फॅट फेस किंवा स्लॅब असते आणि त्याची स्क्रिप्ट स्पेन्सर पद्धतीची, टोकदार निबेची असते. फॅट फेसमध्येही केसासारखी बारीक आणि ठोकळ्यासारखी जाड रेघ शेजारी असते. निबेच्या स्क्रिप्टमध्येही तेच असते. म्हणून ही दोन अक्षरे एकमेकांना ओळखतात. टाइपटुगेदर या संस्थेचा एब्रिल फॅटफेस हा मोफत फॉन्ट एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश आणि फ्रेंच जाहिरातींच्या पोस्टरांवर आधारलेला आहे. या काळासाठी तो उपयोगी पडतो.

दुसरा काळ १९०० च्या आसपासच्या आर नूव्होचा, वेलीसारख्या वळणांचा. १९०४ मध्ये ओटो वाइझर्ट यांच्या श्टुटगार्टच्या ओतशाळेने काढलेले आर्नोल्ड बॉकलिन हे त्याचे ठळक उदाहरण. इथे सांभाळून राहावे लागते. डिस्प्ले अक्षरच वळणांनी भरलेले असल्यामुळे त्याच्याजवळ झोकदार स्क्रिप्ट ठेवली, की दोन्ही एकाच वेळी बोलू लागतात. या काळातल्या डिस्प्लेला साधी, उभ्या वळणाची स्क्रिप्ट द्यावी किंवा स्क्रिप्ट वगळावी.

तिसरा काळ दोन महायुद्धांमधल्या आर्ट डेकोचा. १९२५ च्या पॅरिस प्रदर्शनाने या शैलीला जगभर नेले. मॉरिस फुलर बेंटन यांनी १९२७ मध्ये रेखाटलेले ब्रॉडवे हे अक्षर तिची ओळख ठरले: अक्षराची एक बाजू भरीव काळी, दुसरी बारीक रेघेची. याच्या जोडीला एकसारख्या जाडीची, नळीसारखी स्क्रिप्ट शोभते. मॅक्स कॉफमन यांची १९३६ ची कॉफमन स्क्रिप्ट तशीच आहे. आजच्या मोफत फॉन्टांत लाइमलाइट हे ब्रॉडवेच्या वळणाचे आहे आणि यलोटेल कॉफमनसारख्या १९३० च्या दशकातल्या अक्षरांकडे पाहून केलेले आहे. ही जोडी काळाच्या दृष्टीने नेमकी बसते.

चौथा काळ महायुद्धानंतरचा, आणि त्याचे दोन भाग पडतात. १९४० आणि १९५० च्या दशकांत कुंचल्याच्या स्क्रिप्टचे राज्य होते. रॉबर्ट स्मिथ यांची ब्रश स्क्रिप्ट १९४२ ची. फ्रान्समध्ये मार्सेच्या ओलिव्ह ओतशाळेसाठी रोजे एक्सकोफों यांनी १९५१ मध्ये बांको हे ठोकळेबाज तिरके डिस्प्ले अक्षर आणि १९५३ मध्ये मिस्त्राल ही वेगाने लिहिल्यासारखी स्क्रिप्ट केली. दोन अगदी भिन्न अक्षरे एकाच हाताच्या लयीतून आल्यामुळे कशी जुळतात, हे शिकण्यासाठी या दोघांचा शेजार पाहण्यासारखा आहे. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून फोटोटाइपसेटिंगचा, म्हणजे प्रकाशचित्राने केलेल्या अक्षरजुळणीचा, जोर वाढला. शिशाच्या खिळ्यांचे अंग मधे येत नसल्यामुळे अक्षरे एकमेकांना खेटवता आली आणि एकमेकांवर चढवताही आली. ऑस्वाल्ड कूपर यांचे १९२२ चे कूपर ब्लॅक याच काळात नव्याने लोकप्रिय झाले. न्यूयॉर्कच्या आयटीसी या १९७० मध्ये सुरू झालेल्या संस्थेने सुवेनियरसारखी जुनी अक्षरे गोलाई वाढवून पुन्हा आणली. १९७० च्या दशकाची म्हणून जी जाड, मऊ, दाटीची अक्षरे ओळखली जातात, त्यांतली बरीच मुळात पन्नास वर्षे जुनी होती. आजचा फ्राउन्सेस हा मोफत फॉन्ट विंडसर, सुवेनियर आणि कूपर यांच्या वळणावर बेतलेला असून त्यात अक्षरांची मऊपणाची मात्रा कमीजास्त करता येते.

दशक ठरवल्यावर निवडीचा परिघ आपोआप आवळतो. १९३० च्या दशकातले चित्रपटगृह आणि १९७० च्या दशकातली ध्वनिमुद्रिका यांना एकच 'रेट्रो' जोडी लागू पडत नाही.

साम्य आणि फरक

चांगल्या जोडीत किमान एक गोष्ट समान असते आणि किमान एक स्पष्टपणे भिन्न असते. सगळेच समान असेल, तर दुसरे अक्षर चुकून बदलल्यासारखे वाटते. सगळेच भिन्न असेल, तर दोघांचे नातेच दिसत नाही.

साम्य शोधायच्या जागा चार. पहिली, रेघेच्या जाडीतला चढउतार: जाड-बारीक डिस्प्लेला जाड-बारीक स्क्रिप्ट, एकसारख्या जाडीच्या डिस्प्लेला एकसारख्या जाडीची स्क्रिप्ट. दुसरी, टोके: गोल टोकाच्या डिस्प्लेशेजारी कुंचल्याची फाटकी, कोरडी टोके बेसूर होतात. तिसरी, अंगाची रुंदी: उंच, आवळलेल्या डिस्प्लेला पसरट स्क्रिप्ट सहसा मानवत नाही. चौथी, कल: डिस्प्ले तिरके असेल, तर स्क्रिप्टचा कलही त्याच कोनाजवळ हवा. पाच-सहा अंशांचा फरक सर्वांत वाईट, कारण तो हेतूपेक्षा निष्काळजीपणा वाटतो.

फरक मात्र रचनेत हवा. एक अक्षर उभे आणि सुटे, दुसरे वाहते आणि जोडलेले. दोन स्क्रिप्ट एकत्र ठेवणे जवळजवळ नेहमीच फसते, कारण दोन हस्ताक्षरे म्हणजे दोन माणसे, आणि वाचणाऱ्याला एकाच तोंडून ऐकायचे असते.

शेवटच्या आकारात दोन्ही अक्षरांच्या सर्वांत जाड रेघा मोजून पाहणे ही एक साधी कसोटी आहे. स्क्रिप्टचा शब्द डिस्प्लेपेक्षा लहान ठेवला, की त्याची रेघही बारीक होते. म्हणून मूळ आकारात थोडी जाड वाटणारी स्क्रिप्टच प्रत्यक्ष मांडणीत डिस्प्लेशेजारी टिकते. स्क्रिप्ट फॉन्टांत लॅटिनच्या छोट्या अक्षरांचा मधला भाग बुटका आणि वरचे-खालचे दांडे लांब असल्यामुळे त्याच पॉइंट आकारात ती आणखी लहान दिसते. आकड्यावर विसंबून न राहता डोळ्याने आकार जुळवावा लागतो.

मान कोणाचा

जोडीत एकच अक्षर पुढे असते. नाव मोठे आणि ठळक असेल, तर स्क्रिप्टला विशेषण, शहर, स्थापनेचे वर्ष किंवा छोटे ब्रीद द्यावे. नाव स्क्रिप्टमध्ये असेल, तर डिस्प्लेने व्यवसायाचा प्रकार सांगावा आणि तो निम्म्या किंवा त्याहून लहान आकारात. दोन्ही जवळपास सारख्या आकारात ठेवले, की नजर कुठे थांबावी हे ठरत नाही.

लॅटिन स्क्रिप्टचे काही कडक नियम आहेत. तिची सगळी अक्षरे कॅपिटलमध्ये लिहू नयेत, कारण कॅपिटल्स शब्दाच्या आरंभासाठी घडवलेली असतात आणि शेजारी शेजारी आली की त्यांच्या गाठी पडतात. अक्षरांमधले अंतर वाढवू नये, जोड तुटतात. उलट डिस्प्ले कॅपिटल्समध्ये अंतर थोडे वाढवले, तर स्क्रिप्टच्या सलगपणाशी फरक अधिक खुलतो. १९७० च्या दशकाच्या शैलीत मात्र डिस्प्लेही दाटच हवे.

चांगल्या स्क्रिप्ट फॉन्टात एकाच अक्षराची अनेक रूपे असतात. ओपनटाइप तंत्रामुळे शेजारचे अक्षर पाहून योग्य रूप आपोआप निवडले जाते. लागोपाठ आलेली दोन सारखी अक्षरे थोडी वेगळी दिसतात आणि लिखाण हाताचे वाटते. संगणकातल्या संरचनेच्या प्रणालीत ही सोय कधी कधी बंद असते, ती चालू करून पाहावी. शब्दाच्या शेवटी येणारा आणि खालून अधोरेखेसारखा परत जाणारा फरकाटा हे बेसबॉलच्या सदऱ्यांवरून ओळखीचे झालेले अमेरिकी वैशिष्ट्य आहे. एका संरचनेत असा फरकाटा एकच असावा, आणि त्याने दोन ओळींमधली मोकळी जागा भरावी. नुसती सजावट म्हणून तो आला, की स्वस्त वाटतो.

फार वापरल्या गेलेल्या फॉन्टांचाही विचार करावा. आर्जेंटिनाच्या पाब्लो इम्पायारी यांचा २०१० चा लॉब्स्टर आणि व्हर्नन अॅडम्स यांचा, १९५० च्या दशकातल्या अमेरिकी सर्फिंग संस्कृतीवरून स्फुरलेला पॅसिफिको हे दोन्ही कसदार फॉन्ट आहेत. मोफत आणि देखणे असल्यामुळे ते इतक्या फलकांवर गेले, की आता ते १९५० च्या दशकापेक्षा २०१० च्या दशकाची आठवण देतात. ते वापरायचेच असतील, तर अक्षरांची वळणे हाताने बदलून शब्द आपलासा करून घ्यावा.

देवनागरीतली जोडी

मराठीतही ही जोडी जुनी आहे, फक्त ती वेगळ्या वाटेने आली. जावजी दादाजी यांच्या मुंबईतल्या निर्णयसागर छापखान्याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात देवनागरीचे देखणे खिळे ओतले आणि ते देशभर गेले. पुस्तकांना ते उत्तम होते, पण मोठ्या मथळ्यांसाठी देवनागरी खिळ्यांची विविधता लॅटिनच्या तुलनेत फारच थोडी होती. जोडाक्षरे, काना-मात्रा आणि वेलांट्या यांमुळे एका वळणासाठीच शेकडो खिळे लागत. नवे वळण ओतणे महाग पडे. म्हणून मराठी मथळा हाताने रेखाटला जाई, त्याचा जस्ताचा ब्लॉक करून घेत आणि तो खिळ्यांच्या मजकुराशेजारी चौकटीत बसवत. वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिराती, मासिकांची मुखपृष्ठे आणि पुस्तकांची वेष्टने याच पद्धतीने घडली. कमल शेडगे यांनी नाटकांची आणि नियतकालिकांची शीर्षके अशीच रेखाटली. नाटकाचा स्वभाव त्यांच्या अक्षरातूनच प्रेक्षकापर्यंत पोहोचे. र. कृ. जोशी यांनी सुलेखनापासून संगणकाच्या फॉन्टापर्यंत देवनागरीचा अभ्यास नेला. विंडोजमधला मंगल हा फॉन्ट त्यांचाच. रस्त्यावर हेच काम पाट्या रंगवणारे पेंटर करत होते.

त्यामुळे मराठी रेट्रोचा खरा ठेवा हस्तरेखाटनात आहे. ओतलेल्या खिळ्यांत तो शोधायला गेले, तर थोडाच हाती लागतो. लॅटिनमध्ये डिस्प्ले म्हणजे ओतलेले आणि स्क्रिप्ट म्हणजे लिहिलेले, असा भेद करता येतो. जुन्या मराठी पाटीवर दोन्ही अक्षरे एकाच कुंचल्यातून उतरलेली असत: एक चपट्या ब्रशने सावकाश भरलेले, दुसरे एका फटक्यात ओढलेले. देवनागरी जोडी निवडताना हा वेगाचा फरक दिसायला हवा.

देवनागरीपुढे एक अडचणही आहे. लॅटिन जोडीतला मुख्य फरक सुट्या आणि जोडलेल्या अक्षरांचा असतो. देवनागरीत शिरोरेषा सगळ्याच अक्षरांना जोडते, त्यामुळे हा फरक निघून जातो. तो दुसरीकडून आणावा लागतो. डिस्प्लेत शिरोरेषा सलग, जाड आणि सरळ ठेवावी. स्क्रिप्टमध्ये ती तुटक, वर चढणारी किंवा पूर्ण वगळलेली असावी. डिस्प्ले उभे असेल, तर स्क्रिप्ट तिरकी हवी. मराठीची स्वतःची धावती लिपी मोडी होती. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कागदपत्रांत ती वापरात होती. मोडीत आधी ओळभर रेघ ओढून तिच्याखाली लेखणी शक्यतो न उचलता अक्षरे लिहीत. आज ती थोड्यांनाच वाचता येते, म्हणून मजकूर मोडीत देण्यात अर्थ नाही. पण तिची गोलाई आणि एका ओघात फिरणारी रेघ देवनागरी स्क्रिप्टला घेता येते.

दोन लिपींत जाड-बारीकपणाची दिशाही वेगळी आहे. लॅटिन कलम आणि देवनागरीचा बोरू यांची टोके उलट बाजूंना तासलेली असल्यामुळे देवनागरीतला जाडीचा कल लॅटिनच्या उलट दिशेला पडतो. लॅटिन स्क्रिप्ट आणि जाड-बारीक देवनागरी शेजारी ठेवल्या, की काहीतरी खुपते, त्याचे कारण बहुधा हेच. दोन्ही लिपींत एकसारख्या जाडीची अक्षरे घेणे हा सर्वांत सुरक्षित मार्ग. दुसरा मार्ग दोन्ही लिपी एकत्र घडवलेल्या फॉन्टाचा. यात्रा वन हा फॉन्ट मुंबईच्या उपनगरी रेल्वेच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवर आधारलेला आहे आणि त्यातल्या लॅटिन अक्षरांनाही देवनागरी कलमाचाच कोन दिलेला आहे.

मोफत मिळणाऱ्या देवनागरी फॉन्टांत डिस्प्लेसाठी पुरेशी निवड आहे. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे मोदक आणि बलू हे गुबगुबीत, गोल टोकांचे आहेत. इंडियन टाइप फाउंड्रीचा रोझा वन म्हणजे देवनागरीतला फॅट फेस. स्क्रिप्टची बाजू दुबळी आहे. त्याच फाउंड्रीचे कलम आणि तिल्लाना, तसेच अमिता हे त्यांतले उपयोगी पर्याय. कलमच्या तीन आणि तिल्लानाच्या पाच जाड्या मिळतात. त्यामुळे डिस्प्लेच्या रेघेशी जाडी जुळवायला वाव राहतो.

वर-खालची जागा हा मांडणीतला आणखी एक प्रश्न आहे. देवनागरी शब्दाच्या वर मात्रा, वेलांटी, रफार आणि अनुस्वार असतात, तर खाली उकार आणि ऋकार. स्क्रिप्टचा शब्द तिरका करून डिस्प्लेवर थोडा चढवायचा असेल, तर डिस्प्लेच्या शब्दात वर मोकळी जागा कुठे आहे हे आधी पाहावे. 'बाजार' या शब्दाच्या डोक्यावर काहीच नाही, त्यामुळे वरून स्क्रिप्ट सहज टेकते. 'मिठाई'मध्ये वर एक वेलांटी आणि रफारासारखा ई-चा फाटा आहे. तिथे स्क्रिप्ट खालून यायला हवी. जागा नसताना अक्षरे दाबून चपटी करू नयेत. संगणकाने ओढून-ताणून केलेली जाडी किंवा तिरकेपणा शिरोरेषा आणि उभ्या दंडाचे प्रमाण बिघडवतो आणि जुन्या कारागिरीचा भास तिथेच संपतो. अक्षरांमधले अंतर वाढवले, तर शिरोरेषा तुटते. देवनागरीत डिस्प्लेलाही हा नियम लागू आहे.

मराठी वळणाची तपासणी

देवनागरी फॉन्ट म्हणजे मराठी फॉन्ट असे गृहीत धरता येत नाही. ल आणि श यांची मराठी वळणे हिंदीत रूढ असलेल्या वळणांहून निराळी आहेत, आणि महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या निर्णयाने ती प्रमाण मानली आहेत. अनेक फॉन्टांत दोन्ही रूपे असतात, पण मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवल्याशिवाय मराठी रूप पुढे येत नाही. रेट्रो कामात हे अधिक जाणवते, कारण जुन्या मराठी पाटीवर हिंदी वळणाचा ल सहसा नसे.

फॉन्ट घेण्यापूर्वी 'वऱ्हाड', 'दुसऱ्या', 'ॲल्युमिनियम', 'ऑफिस', 'शिल्लक', 'कृष्णा' आणि 'बाळ' हे शब्द टाकून पाहावेत. र-चे अर्धे रूप, अॅचा अर्धचंद्र, ळ आणि जोडाक्षरे यांतले काही कच्चे असेल, तर ते इथेच उघडे पडते. छपाईच्या दुकानांत अजूनही युनिकोडपूर्व संकेतांचे अनेक शोभिवंत मराठी फॉन्ट वापरात आहेत. छापील कामासाठी ते अक्षरांचे बाह्यरेषेत रूपांतर करून वापरता येतात. संकेतस्थळावर मात्र तो मजकूर शोधात सापडत नाही आणि दुसऱ्या यंत्रावर निरर्थक चिन्हे दिसतात.

दोन उदाहरणे

घरगुती लोणच्याच्या बरणीचे लेबल घ्यावे. हवा आहे १९६०-७० च्या दशकांतला रंगवलेल्या पाटीचा थाट. 'लोणचे' हा शब्द मोठा, बलूच्या सर्वांत जाड रूपात. गोल टोके ब्रशने भरलेल्या अक्षराशी मिळतात. 'घरचे' हा शब्द कलमच्या ठळक रूपात, डिस्प्लेच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढा, किंचित वर चढता. 'लोणचे'च्या आरंभी आणि शेवटी वर मात्रा आहेत, तर मधल्या 'ण'वर काहीच नाही. तरी ती जागा पूर्ण शब्दाला अपुरी पडते. म्हणून 'घरचे' डावीकडे वर, शिरोरेषेपासून सुटा ठेवावा आणि खालच्या रिकाम्या पट्टीत कुंचल्याचा एक फटकारा द्यावा. साहित्य, वजन आणि तारीख यांसाठी तिसरा, अगदी साधा फॉन्ट हवा. मुक्ता तिथे चालतो. डिस्प्ले किंवा स्क्रिप्ट यांपैकी कोणालाही हे काम देऊ नये.

दुसरे उदाहरण दक्षिण मुंबईतल्या एखाद्या कॉफीगृहाच्या फलकाचे. या भागात आर्ट डेकोचा संदर्भ उसना आणावा लागत नाही. रीगल हे चित्रपटगृह १९३३ चे, इरॉस १९३८ चे, लिबर्टी १९४९ चे. मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल परिसरातल्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींना २०१८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला आहे. तिथे इमारतींची नावे भिंतीवर उठावाने घडवलेली दिसतात, त्यांच्या उंची-रुंदीचे प्रमाण जवळ जाऊन टिपता येते. महाराष्ट्रात दुकानांच्या फलकावर मराठी नाव देवनागरीत आणि इतर लिपीपेक्षा लहान नसलेल्या अक्षरांत असणे बंधनकारक आहे. २०२२ मध्ये कायद्यात केलेल्या दुरुस्तीने ते सर्व दुकानांना लागू झाले. तेव्हा मुख्य डिस्प्ले देवनागरीच ठरते. पॉपिन्सच्या ठळक, भौमितिक देवनागरीत नाव द्यावे आणि लॅटिन नाव यलोटेलमध्ये, त्याहून लहान. दोन्हींत रेघेच्या जाडीचा चढउतार कमी असल्यामुळे दोन लिपींचे उलटे कल आड येत नाहीत. इथे लाइमलाइट वापरले असते, तर त्याच्या अर्ध्या काळ्या अक्षरांपुढे देवनागरी फिकी पडली असती.

रंग, छपाई आणि परवाना

जुन्या छपाईत प्रत्येक रंगाची वेगळी फेरी द्यावी लागे आणि प्रत्येक फेरीला पैसे पडत. म्हणून दोन किंवा तीन रंग आणि कागदाचा स्वतःचा रंग एवढ्यावर काम भागे. आजही जोडीला हीच मर्यादा घालावी: डिस्प्लेला गडद रंग, स्क्रिप्टला उजळ रंग, पार्श्वभूमी कागदाची. सावली द्यायची तर ती डिस्प्लेला आणि एकाच दिशेने. स्क्रिप्टला सावली दिली, की जोडांच्या जागी काळे डाग पडतात. झिजलेल्या शाईचा, सरकलेल्या रंगाचा किंवा ठिपक्यांच्या जाळीचा परिणाम सर्वांत शेवटी द्यावा. अक्षरांची जोडी साध्या काळ्या-पांढऱ्या रूपात उभी राहत नसेल, तर असल्या मुलाम्याने ती उभी राहत नाही.

परवाना तपासणे हा कामाचाच भाग आहे. ओपन फॉन्ट लायसन्सखाली मिळणारे फॉन्ट व्यावसायिक कामातही मोफत वापरता येतात आणि बदलताही येतात. फक्त फॉन्ट स्वतंत्रपणे विकता येत नाही. विकतच्या फॉन्टांना छापील काम, संकेतस्थळ आणि ॲप यांसाठी वेगवेगळे परवाने लागू शकतात. 'वैयक्तिक वापरासाठी मोफत' असे लिहिलेला फॉन्ट ग्राहकाच्या बोधचिन्हात वापरला, तर दायित्व ग्राहकावरही येऊ शकते.

अखेरची तपासणी तीन आकारांत करावी: भ्रमणध्वनीच्या पडद्यावर बोटाच्या नखाएवढे बोधचिन्ह, हातात धरलेल्या कागदाएवढे आणि रस्त्यापलीकडून पाहिलेल्या फलकाएवढे. लहान आकारात स्क्रिप्टचे डोळे बुजत असतील, तर तिथे ती काढून नुसते डिस्प्ले ठेवायला हरकत नाही. त्यासाठी मोठी आणि छोटी अशी बोधचिन्हाची दोन रूपे सुरुवातीलाच तयार करून ग्राहकाला द्यावीत.